समुदायाधारित पुनर्वसनाची संशोधन पत्रिका टिकवायची कशी: नव्या संपादकांसाठी मार्गदर्शन

अपंगत्व आणि पुनर्वसन या क्षेत्रातील एखादी संस्था किंवा महाविद्यालयाचा एखादा विभाग संशोधन पत्रिका काढायचे ठरवतो, तेव्हा पहिला अंक बहुधा उत्साहात निघतो, दुसरा काहीसा उशिरा निघतो आणि तिसऱ्याच्या वेळी हाताशी लेखच नसतात. पैसे संपले म्हणून पत्रिका बंद पडली, असे नंतर सांगितले जाते. पण बारकाईने पाहिले तर पैशांच्या कितीतरी आधी छापण्याजोगे लेख संपलेले असतात. समुदायाधारित पुनर्वसनाच्या, म्हणजे रूढ भाषेत ‘सीबीआर’च्या पत्रिकेला हा धोका अधिक असतो, कारण या क्षेत्रात काम करणारे आणि लिहिणारे हे बहुतेक वेळा दोन निरनिराळे गट असतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या घरी आठवड्याला जाऊन त्याच्या आईला व्यायाम शिकवणारी कार्यकर्ती लेख लिहीत नाही. आणि लेख लिहिणारा प्राध्यापक आपला सर्वांत चांगला निबंध नामांकित परदेशी जर्नलकडे पाठवतो, कारण त्याची बढती त्यावर अवलंबून असते. म्हणून पुढे सांगितलेल्या सर्व पायऱ्यांचा रोख एकच आहे: गावपातळीवर काम करणाऱ्यांकडून चांगला लेख तयार करून घेणे हे या पत्रिकेच्या संपादकाचे मुख्य काम आहे, आणि बाकीची सारी व्यवस्था त्या कामाला वेळ मिळावा यासाठी लावायची आहे.

पहिली पायरी: विषयाची हद्द ठरवणे

पत्रिका काय छापेल आणि काय छापणार नाही, हे एका पानात लिहून काढावे. सीबीआरची कल्पना १९७८च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यानंतर, प्राथमिक आरोग्यसेवेच्या विचारातून जागतिक आरोग्य संघटनेने पुढे आणली. सुरुवातीला तिचा भर घरच्या घरी आणि गावातच देता येण्याजोग्या उपचारांवर होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, युनेस्को आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९९४ साली काढलेल्या संयुक्त निवेदनात आणि २००४ साली केलेल्या त्याच्या सुधारित आवृत्तीत ती समान संधी, दारिद्र्यनिवारण आणि सामाजिक समावेशन यांच्याकडे वळली. २०१०च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण असे पाच घटक आणि प्रत्येकाचे पाच उपघटक मिळून पंचवीस चौकटींचा तक्ता दिला. दरम्यान संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार २००६ साली संमत झाला आणि भारताने २००७ साली तो मान्य केला.

हा इतिहास येथे देण्याचे कारण व्यावहारिक आहे. हद्द आखलेली नसेल तर रुग्णालयातील फिजिओथेरपीच्या चाचण्यांचे निबंध मोठ्या संख्येने येऊ लागतात. ते लिहायला तुलनेने सोपे असतात आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ते कोठेतरी छापून हवे असतात. दोन वर्षांत पत्रिकेचे रूप पालटते आणि गावपातळीवरच्या वाचकाला तिच्यात आपले काही दिसत नाही. त्यामुळे पंचवीस चौकटींचा तक्ता समोर ठेवून प्रत्येक अंकात किमान तीन घटकांवरील लेख असावेत, असा नियम पहिल्याच बैठकीत करावा. उपजीविका आणि सक्षमीकरण यांवरचे लेख सर्वांत कमी येतात. ते मागून, पाठपुरावा करून मिळवावे लागतात.

दुसरी पायरी: मालकी, नोंदणी आणि माणसे

पत्रिकेची मालकी संस्थेची असावी, व्यक्तीची नसावी. संकेतस्थळाचे डोमेन, ईमेल खाते, लेखांच्या मूळ फायली आणि पासवर्ड हे सारे संस्थेच्या नावाने ठेवावे व त्याची नोंद कार्यकारिणीच्या ठरावात करावी. एका उत्साही प्राध्यापकाने स्वतःच्या नावावर घेतलेले डोमेन त्याच्या निवृत्तीनंतर नूतनीकरणाअभावी दुसऱ्याच्या हाती जाते आणि जुने सर्व अंक दिसेनासे होतात, असे घडू शकते.

भारतात आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाची ओळख ठरणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीसाठी वेगवेगळे क्रमांक घ्यावे लागतात आणि पत्रिकेचे नाव बदलल्यास नवा क्रमांक लागतो, म्हणून नाव विचारपूर्वक ठरवावे. नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. त्यातील नियतकालिकाच्या व्याख्येतून वैज्ञानिक, तांत्रिक आणि शैक्षणिक स्वरूपाची जर्नले वगळलेली आहेत, हे नव्या संपादकांना अनेकदा ठाऊक नसते.

माणसे मोजकीच पण पक्की हवीत. एक मुख्य संपादक, एक सहसंपादक आणि लेखांची ये-जा सांभाळणारी एक अर्धवेळ कार्यालयीन व्यक्ती, एवढ्यांवर सहामाही पत्रिका चालते. यांतील कार्यालयीन व्यक्तीला मानधन द्यावेच. परीक्षकांना आठवण करणे, लेखकाला पोच देणे आणि दुरुस्त प्रत आली का ते पाहणे ही कामे स्वेच्छेने कोणी वर्षानुवर्षे करत नाही, आणि नेमकी तीच थांबली की पत्रिका थांबते. संपादक मंडळावर शोभेची वीस नावे घेण्यापेक्षा वर्षाला किमान दोन लेख तपासायचे कबूल करणारी दहा माणसे घ्यावीत. त्यांत दिव्यांग व्यक्ती असणे अत्यावश्यक आहे. सल्लागार मंडळावर एखादे प्रतीकात्मक नाव घेऊन हे भागत नाही. निर्णय घेणाऱ्या संपादक मंडळावर त्या हव्यात. प्रत्येकाची मुदत तीन वर्षांची ठेवावी.

तिसरी पायरी: झेपेल तेवढेच वेळापत्रक

त्रैमासिकाची घोषणा करून वर्षाला दोनच अंक काढण्यापेक्षा सहामाही जाहीर करून दोन्ही अंक ठरल्या महिन्यात काढावेत. सूचीकार संस्था, ग्रंथपाल आणि लेखक या तिघांचाही विश्वास नियमितपणावर बसतो. खुल्या जर्नलांची जागतिक निर्देशिका, म्हणजे डीओएजे, वर्षाला किमान पाच संशोधन लेखांची अपेक्षा करते. हे प्रमाण छोट्या पत्रिकेलाही गाठता येते. दुसरा मार्ग म्हणजे लेख स्वीकारला आणि त्याची मांडणी झाली की तो लगेच ऑनलाइन प्रसिद्ध करायचा आणि वर्षाअखेर त्यांचा अंक बांधायचा. ज्यांच्याकडे लेख एका वेळी फार येत नाहीत त्यांना ही पद्धत सोयीची पडते.

मात्र कोणतीही पद्धत घेतली तरी चालू अंक प्रसिद्ध होताना पुढच्या अंकाचे निम्मे लेख स्वीकृत झालेले असले पाहिजेत. ही शिल्लक संपली की संपादक अंक भरण्यासाठी कच्चे लेख घेऊ लागतो, आणि मग चांगले लेखक दुसरीकडे जातात.

चौथी पायरी: लेख तयार करून घेणे

येथे सर्वाधिक वेळ द्यावा. ‘लेख मागवत आहोत’ असे परिपत्रक पाठवून गावपातळीवरचा लेख येत नाही. तो आणावा लागतो, आणि त्यासाठी आधी कामे कोठे चालली आहेत याची माहिती हवी. महाराष्ट्रात पाहायचे तर जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रे, समावेशित शिक्षणातील विशेष शिक्षक, दिव्यांगांचे बचत गट, ग्रामपंचायतींनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा पाच टक्के निधी मिळवून देणारे कार्यकर्ते, घरी जाऊन कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या पायांची निगा शिकवणारे आरोग्यसेवक, या प्रत्येकाच्या कामात एक लेख दडलेला असतो. पाच टक्के निधीचेच उदाहरण घ्या. हा निधी एखाद्या तालुक्यातील किती ग्रामपंचायतींनी खर्च केला, कशावर केला, कोणाला विचारून केला आणि खर्च न करणाऱ्यांनी काय कारण दिले, याची प्रामाणिक नोंद धोरणकर्त्यांना आणि संशोधकांना एकाच वेळी उपयोगी पडेल. ही माहिती कार्यकर्त्यांच्या वह्यांत असते. तिला लेखाचे रूप देणारा मात्र कोणी नसतो.

यासाठी पत्रिकेत संशोधन निबंधांबरोबर ‘कार्यानुभव’ नावाचा वेगळा लेखप्रकार ठेवावा. त्याची लांबी दीड ते दोन हजार शब्द असावी आणि त्याला वेगळे परीक्षण-निकष लावावेत. कार्यकर्त्याला ‘पद्धती’, ‘निष्कर्ष’, ‘चर्चा’ असे मथळे देऊन बसवले तर तो अडतो. त्याऐवजी त्याला साधे प्रश्न लेखी द्यावेत. काम सुरू करण्यापूर्वी परिस्थिती काय होती आणि ती तुम्हाला कशावरून कळली? तुम्ही नेमके काय केले, कोणी केले, किती जणांबरोबर आणि किती काळ? कोण मध्येच सोडून गेले आणि का? काय बदलले, काय बदलले नाही, आणि हे तुम्ही म्हणता की दिव्यांग व्यक्ती स्वतः म्हणतात? खर्च किती आला? दुसऱ्या तालुक्यात कोणी हे करायला घेतले तर त्याला तुम्ही कोणती सावधगिरी सांगाल? या प्रश्नांची उत्तरे बोलून रेकॉर्ड करून पाठवायची मुभा असावी. त्यांचे शब्दांकन करून पहिला खर्डा संपादकीय साहाय्यकाने तयार करावा आणि तो कार्यकर्त्याला वाचून दाखवावा. लेखक म्हणून नाव कार्यकर्त्याचेच जावे; खर्डा लिहून देणाऱ्याची नोंद ऋणनिर्देशात घ्यावी.

पत्रिका इंग्रजीत निघत असली तरी मराठीत किंवा अन्य भारतीय भाषेत लिहिलेला लेख परीक्षणासाठी स्वीकारावा आणि मान्य झाल्यावर भाषांतराची जबाबदारी पत्रिकेने घ्यावी. हे खर्चाचे आहे, तरी माझ्या मते छपाईवरचा खर्च कमी करून तो भाषांतराकडे वळवणे योग्य ठरेल. वर्षातून एकदा दोन दिवसांची लेखन कार्यशाळा घ्यावी, पण केवळ व्याख्यानांची नको. प्रत्येक सहभागी स्वतःची आकडेवारी किंवा नोंदवही घेऊन येईल आणि परत जाताना अर्धा लेख घेऊन जाईल, अशी तिची आखणी हवी. त्यानंतर तीन महिने प्रत्येक लेखाला एक अनुभवी लेखक मार्गदर्शक म्हणून जोडून द्यावा. पाठपुरावा नसेल तर कार्यशाळेतले लेख अर्ध्यावरच राहतात.

आलेल्या लेखांत दोन ठिकाणी संपादकाने डोळ्यांत तेल घालून पाहावे. पहिले म्हणजे आकडे. २०११च्या जनगणनेप्रमाणे भारतात सुमारे २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के दिव्यांग व्यक्ती होत्या. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२चा अहवाल जगातील सुमारे १६ टक्के लोकांना लक्षणीय अपंगत्व असल्याचे सांगतो. हे दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी येतात आणि फरकाचे स्पष्टीकरण कोठेच नसते. फरक मोजणीच्या पद्धतीतून येतो: जनगणनेत अपंगत्वाच्या प्रकाराविषयी विचारले गेले, तर पाहणे, ऐकणे, चालणे, लक्षात ठेवणे वा लक्ष केंद्रित करणे, स्वतःची कामे करणे आणि संवाद साधणे यांत किती अडचण येते असे विचारणाऱ्या, अपंगत्वाच्या मोजणीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय वॉशिंग्टन गटाच्या सहा प्रश्नांतून वेगळेच चित्र उभे राहते. प्रत्येक लेखकाला ‘तुम्ही अपंगत्व कसे मोजले’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखात आल्याशिवाय लेख पुढे पाठवू नये. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, त्यामुळे जुन्या आणि नव्या सर्वेक्षणांची थेट तुलना करणारा लेखही याच प्रश्नावर थांबवून पाहावा लागतो.

दुसरे म्हणजे संमती आणि ओळख. याच २०१६च्या कायद्याचे सहावे कलम सांगते की, दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करण्यापूर्वी तिला समजेल अशा सुगम माध्यमातून मुक्त व माहितीपूर्ण संमती घेतली पाहिजे, आणि शासनाने नेमलेल्या समितीची पूर्वपरवानगीही घेतली पाहिजे. त्या समितीचे किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संघटनेचे सदस्य असावे लागतात. पुष्कळ लेखकांना केवळ आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीचे पत्र पुरेसे वाटते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वेही हाताशी ठेवावीत. बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत ‘पालकांची संमती घेतली’ एवढ्यावर समाधान मानू नये. त्या व्यक्तीला चित्रे किंवा सोपे शब्द वापरून समजावले का, आणि तिने नकार दिल्यास तो मानला गेला का, हे विचारावे.

नाव बदलले म्हणजे ओळख लपली, हा समजही चुकीचा आहे. नऊशे वस्तीच्या गावात ‘दोन्ही पायांनी अधू असलेली, शिवणकाम करणारी चौतीस वर्षांची विधवा’ एकच असते, आणि लेखात तालुक्याचे नाव आले की तिला सारे ओळखतात. वय टप्प्यात द्यावे, व्यवसाय थोडा सैल करावा, गावाऐवजी विभाग सांगावा. छायाचित्रासाठी वेगळी लेखी संमती घ्यावी आणि ते ऑनलाइन कायम राहणार आहे, हे संमतीपत्रातच लिहावे.

पाचवी पायरी: परीक्षण

प्रत्येक लेखाला दोन परीक्षक द्यावेत: एक संशोधनपद्धती जाणणारा आणि एक त्या प्रकारचे काम प्रत्यक्ष करणारा. दिव्यांग परीक्षकांची यादी वेगळी करून ठेवावी आणि त्यांना केवळ हक्कांविषयीचे लेख न देता सर्व विषयांचे द्यावेत. मोकळे मत मागण्याऐवजी आठ-दहा प्रश्नांचा तक्ता पाठवला तर नव्या परीक्षकांनाही काम जमते. चार आठवड्यांची मुदत द्यावी, तिसऱ्या आठवड्यात आठवण करावी आणि सहाव्या आठवड्यापर्यंत उत्तर न आल्यास दुसरा परीक्षक नेमावा. लेखकाला कोणत्याही परिस्थितीत चार महिन्यांच्या आत निर्णय कळावा.

या क्षेत्राचे वर्तुळ लहान आहे. कार्यक्रम चालवणारा, त्याचे मूल्यमापन करणारा आणि त्याला निधी देणारा हे परस्परांना ओळखतात, किंबहुना मूल्यमापन करणाराच पुष्कळदा कार्यक्रमाच्या मानधनावर असतो. त्यामुळे हितसंबंधांचे निवेदन प्रत्येक लेखाबरोबर छापावे, आणि ज्या मूल्यमापनात एकही गोष्ट फसलेली दिसत नाही ते परत पाठवून ‘काय जमले नाही’ असा विभाग मागावा. संपादकीय नीतीच्या कठीण प्रसंगांत, म्हणजे दुबार प्रकाशन, लेखकांच्या नावांवरून वाद, वाङ्मयचौर्य अशा वेळी, १९९७ साली स्थापन झालेल्या कोप (प्रकाशन नीतीविषयक समिती) या संस्थेचे टप्प्याटप्प्याने काय करावे हे सांगणारे तक्ते विनामूल्य उपलब्ध आहेत. त्याच क्रमाने जावे.

नकाराचे पत्र काळजीने लिहावे. पहिल्यांदा लिहिणाऱ्या विशेष शिक्षिकेला दोन ओळींचा नकार गेला तर ती पुन्हा कधीच लिहिणार नाही. लेखातील कोणती माहिती मोलाची आहे, कोणती जोड दिली तर तो ‘कार्यानुभव’ म्हणून घेता येईल, हे नकारातच सांगावे.

सहावी पायरी: मांडणी आणि सुगम्यता

अपंगत्वावरील पत्रिका दिव्यांग वाचकाला वाचता येत नसेल, तर तिचा मूळ हेतूच फसतो. मराठी मजकुरासाठी हा प्रश्न विशेष गंभीर आहे. आपल्याकडे अजूनही अनेक ठिकाणी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये मांडणी होते. कागदावर ती सुरेख दिसते, परंतु त्या पीडीएफमधला मजकूर एनव्हीडीएसारख्या, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला अर्थहीन अक्षरांचा ढीग वाटतो, आणि शोधयंत्रालाही त्यात काही सापडत नाही. मांडणीकाराशी करार करतानाच ‘संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये’ ही अट लेखी घालावी.

प्रत्येक लेख पीडीएफबरोबर एचटीएमएल स्वरूपातही द्यावा, कारण मोबाइलवर आणि स्क्रीन रीडरवर तोच उत्तम चालतो. पीडीएफ टॅग केलेली, म्हणजे मथळा, परिच्छेद, तक्ता यांच्या अंतर्गत खुणा असलेली, असावी, मथळे हे खऱ्या मथळ्यांच्या शैलीत असावेत, चित्रांना आणि आलेखांना शब्दांत वर्णन जोडावे आणि तक्ते चित्र म्हणून चिकटवू नयेत. प्रसिद्धीपूर्वी प्रत्येक अंक एका अंध वाचकाकडून, त्यांना मानधन देऊन, तपासून घ्यावा. कोणत्याही स्वयंचलित तपासणीपेक्षा त्यातून अधिक कळते. गोषवारा इंग्रजी आणि मराठी दोन्हीत असावा. शिवाय सोप्या शब्दांतला दीडशे शब्दांचा सारांश द्यावा, जो बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला, आशा कार्यकर्तीला आणि सरपंचालाही वाचता येईल. शक्य तेथे महत्त्वाच्या लेखाचा भारतीय सांकेतिक भाषेतील सारांश चित्रफितीच्या रूपात जोडावा.

लेखांची आवक, परीक्षण आणि प्रकाशन या सर्वांसाठी ओपन जर्नल सिस्टिम्स ही विनामूल्य संगणकप्रणाली पुरेशी आहे. पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट या कॅनडातील उपक्रमाने ती २००१ साली तयार केली. ती चालवायला सर्व्हर आणि वेळोवेळी अद्ययावत करणारा तंत्रज्ञ लागतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने हे पत्करले तर संस्थेचा मोठा भार हलका होतो.

सातवी पायरी: लेख सापडावेत आणि टिकावेत

लेखाला डीओआय, म्हणजे ऑनलाइन लेखाची कायमची ओळख ठरणारा क्रमांक, द्यायचा तर क्रॉसरेफसारख्या नोंदणी संस्थेचे सदस्यत्व घ्यावे लागते. वार्षिक वर्गणी आणि प्रत्येक लेखामागे लहान शुल्क पडते. नेपाळ, बांगलादेशासारख्या देशांतील प्रकाशकांना २०२३ पासून ही रक्कम माफ आहे. भारतातील प्रकाशकांना ती भरावी लागते, म्हणून अंदाजपत्रकात तिची तरतूद करावी. डीओएजेमध्ये नोंद विनामूल्य होते, मात्र पत्रिकेने वर्षभराहून अधिक काळ प्रकाशन केलेले किंवा किमान दहा संशोधन लेख खुले केलेले असावे लागतात. लेखांवर, ते इतरांनी कसे वापरावेत हे सांगणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना स्पष्ट लिहावा, स्वामित्वहक्क लेखकाकडेच ठेवावा. ओपन जर्नल सिस्टिम्स वापरणाऱ्यांना पब्लिक नॉलेज प्रोजेक्टच्या जतन-जाळ्यात विनाशुल्क सहभागी होता येते. सर्व्हर बंद पडला तरी अंक वाचतात. शिवाय प्रत्येक अंकाची एक प्रत संस्थेच्या ग्रंथालयात कागदावर ठेवावी.

यूजीसी-केअर यादीविषयी, म्हणजे मान्य जर्नलांच्या यादीविषयी, लेखक हमखास विचारतात. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील केंद्रामार्फत चाललेली ही यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने बंद केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि जर्नलांची निवड कोणत्या निकषांवर करावी याची सूचक यादी देण्यात आली. त्यामुळे आता प्रत्येक पत्रिकेने आपली परीक्षणपद्धती, संपादक मंडळाची संस्थासह नावे, शुल्क, लेख मागे घेण्याचे धोरण हे सारे संकेतस्थळावर उघडपणे मांडणे अधिकच गरजेचे झाले आहे. फसव्या जर्नलांच्या गर्दीत नव्या पत्रिकेकडे लोक संशयाने पाहतात, आणि त्याला एवढेच उत्तर देता येते.

आठवी पायरी: पैसा

लेखकांकडून प्रकाशनशुल्क घेऊ नये. ज्यांच्याकडून लेख हवे आहेत त्या छोट्या संस्था आणि कार्यकर्ते ते देऊ शकत नाहीत. जे देऊ शकतात त्यांचेच लेख मग पत्रिकेत दिसू लागतात. वाचकांकडूनही ऑनलाइन वाचनासाठी शुल्क नसावे. मग खर्च कसा भागवायचा?

खर्चाचे दोन भाग करावेत. अर्धवेळ साहाय्यकाचे मानधन, सर्व्हर, डीओआय आणि किमान मांडणी हा पायाभूत खर्च आहे. तो मालक संस्थेने स्वतःच्या नियमित उत्पन्नातून करण्याचा ठराव करावा. भाषांतर, लेखन कार्यशाळा, छापील प्रती, सांकेतिक भाषेतील चित्रफिती हा वाढीव खर्च आहे. त्यासाठी देणग्या, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी किंवा प्रकल्प अनुदान घ्यावे. पायाभूत खर्चच तीन वर्षांच्या अनुदानावर टाकलेल्या पत्रिका चौथ्या वर्षी बंद होतात. परदेशी देणगी घ्यायची असल्यास विदेशी अंशदानाच्या कायद्याखालील नोंदणी तपासावी. २०२०च्या दुरुस्तीनंतर मिळालेली अशी रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही, त्यामुळे ‘मोठी संस्था घेईल आणि आम्हाला देईल’ हा जुना मार्ग बंद झाला आहे. विशेषांकाला निधी देणाऱ्याशी करार करताना लेखांची निवड, परीक्षण आणि नकार यांत त्याचा काहीही सहभाग असणार नाही, हे वाक्य करारात हवेच.

नववी पायरी: संपादक बदलताना

बेंगळूरुहून डॉ. माया थॉमस यांच्या संपादनाखाली दीर्घकाळ निघालेल्या ‘एशिया पॅसिफिक डिसॅबिलिटी रिहॅबिलिटेशन जर्नल’ने २०११ साली ‘डिसॅबिलिटी, सीबीआर अँड इन्क्लुझिव्ह डेव्हलपमेंट’ असे नाव घेतले. विषयाची हद्द पुनर्वसनाकडून समावेशक विकासाकडे सरकत होती आणि नावाने ती मान्य केली. दीर्घकाळ टिकलेल्या पत्रिकेला असे वळण घ्यावे लागते, आणि ते वळण घेताना मागचे अंक, लेखक आणि वाचक सुटू नयेत, याची तयारी आधीपासून असावी लागते.

ती तयारी म्हणजे एक हस्तांतर-संचिका. तिच्यात परीक्षकांची यादी आणि प्रत्येकाने किती वेळात उत्तर दिले याची नोंद, वर्षाचे वेळापत्रक, लेखनशैलीची नियमावली, पत्रांचे नमुने, सर्व खात्यांचे तपशील, मांडणीकाराशी झालेला करार, डीओआयच्या नूतनीकरणाची तारीख, आणि सध्या परीक्षणात असलेल्या प्रत्येक लेखाची स्थिती असावी. सहसंपादक हाच पुढचा संपादक असे गृहीत धरून त्याला दुसऱ्या वर्षापासून एक संपूर्ण अंक स्वतंत्रपणे करू द्यावा. बदलाच्या वेळी जुन्या आणि नव्या संपादकांनी दोन अंक एकत्र काढावेत. पहिल्या अंकात निर्णय जुन्याचे असतील आणि नवा ते पाहील. दुसऱ्यात निर्णय नव्याचे असतील आणि जुना केवळ विचारल्यावर सल्ला देईल. या काळात लेखन-मार्गदर्शनाखाली असलेल्या कार्यकर्त्यांना नव्या संपादकाची ओळख पत्राने न करून देता फोनवर, शक्य झाल्यास भेटून, करून द्यावी. मार्गदर्शनातले लेख हेच पुढच्या वर्षीच्या अंकांचे भांडवल असते, आणि ते लेख माणसांमधल्या विश्वासावरच पूर्ण होतात.